इतिहासाची किंमत आणि ईश्वरी योजना : मान्झोनींच्या कादंबरीचा एक अभ्यास

इटलीचा इतिहास मराठी वाचकाला दोन टोकांनी परिचित आहे. एका टोकाला ज्युलियस सीझर, रोमन साम्राज्य आणि त्या साम्राज्याच्या अमदानीत रक्त सांडलेले आद्य ख्रिस्ती हुतात्मे. दुसऱ्या टोकाला मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर. मॅझिनीच्या लेखनाचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला, इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली आणि इटलीचे एकीकरण हा आपल्याकडे स्फूर्तीचा विषय होऊन बसला. या दोन टोकांमधील सुमारे चौदा शतके मात्र आपल्यासाठी धूसरच राहिली. सेमिनरीत आम्ही चर्चचा इतिहास शिकलो, तोही बहुतांशी पोप, सम्राट, धर्मपरिषदा आणि तह यांच्या सनावळीतून. त्या सनावळीत शेतकरी, विणकर, न्हावी आणि त्यांच्या बायकामुले कोठे होती, हे विचारण्याची सवय आम्हांला कोणी लावली नाही.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इटलीच्याच एका श्रद्धावंत कॅथलिक लेखकाने विचारला आणि त्यासाठी आपली सारी प्रतिभा खर्ची घातली. आलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५–१८७३) हे त्यांचे नाव. ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, ही त्यांची एकमेव कादंबरी. इटलीत दान्तेच्या महाकाव्याखालोखाल तिला मान आहे आणि तेथील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या ती शिकविली गेली आहे. मान्झोनींचा ‘भक्तिमार्गी लेखक’ म्हणून गौरव होतो आणि त्याच कारणाने त्यांची उपेक्षाही होते. ईश्वरी योजनेवर भरवसा ठेवून अन्याय सोसत राहा, एवढेच ही कादंबरी शिकविते काय? या लेखात प्रामुख्याने त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

घराणे आणि श्रद्धा

मान्झोनींचा जन्म मिलानचा. त्यांची आई जुलिया ही चेझारे बेक्कारिया यांची कन्या. ‘गुन्हे आणि शिक्षा’ या विषयावरील १७६४ सालच्या आपल्या छोट्याशा ग्रंथाने बेक्कारियांनी यातना देऊन कबुलीजबाब घेण्याच्या पद्धतीवर आणि देहदंडावर प्रहार केला आणि सारा युरोप हलविला. आजोबांचा हा वारसा नातवाच्या लेखनात कसा उतरला, ते पुढे दिसेलच. शिक्षण धर्मगुरूंच्या वसतिशाळांत झाले. पण ऐन तारुण्यात, १८०५ नंतर पॅरिसमध्ये राहत असताना, मान्झोनी तेथील बुद्धिवादी मंडळींत रमले आणि धर्मापासून दूर गेले. १८०८ साली आन्रिएत (इटालियनमध्ये एन्रिकेत्ता) ब्लाँदेल या स्विस कुटुंबातील कॅल्व्हिनपंथी तरुणीशी त्यांचा विवाह त्या पंथाच्या विधीने झाला. दोन वर्षांनी, १८१० साली, तोच विवाह कॅथलिक विधीने पुन्हा साजरा झाला, पत्नीने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि पतीही चर्चकडे परतला.

या श्रद्धेला पुढे कठोर कसोट्या लागल्या. एन्रिकेत्ता १८३३ साली ऐन नाताळच्या दिवशी निवर्तली. त्या नाताळवर मान्झोनींनी रचावयास घेतलेले स्तोत्र अपुरेच राहिले. त्यांच्या अनेक अपत्यांपैकी केवळ दोघे त्यांच्यामागे जिवंत होते. ईश्वरी योजनेविषयी लिहिणारा हा लेखक सुखाच्या ओसरीवर बसून लिहीत नव्हता, हे समीक्षकाने विसरू नये.

सिस्मोंदींचा आरोप

मान्झोनींच्या लेखनामागे एक वाद उभा आहे. जिनिव्हाचे इतिहासकार सिस्मोंदी यांनी मध्ययुगीन इटालियन प्रजासत्ताकांचा बहुखंडी इतिहास लिहिला. १८१८ साली पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी इटलीच्या अधःपाताचे एक कारण कॅथलिक नीतिशिक्षणात शोधले. पापनिवेदन, दंडमोचन आणि धर्मपंडितांची बाल की खाल काढणारी नीतिचर्चा यांमुळे इटालियन माणसाची सदसद्विवेकबुद्धी परावलंबी झाली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मान्झोनींनी १८१९ साली ‘कॅथलिक नीतिविषयक निरीक्षणे’ लिहून त्याला उत्तर दिले. ख्रिस्ती माणसे बिघडली ती शिकवण पाळल्यामुळे की मोडल्यामुळे, हा त्यांचा मूळ मुद्दा. तो तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. तरीही वाचकाचे समाधान पुरते होत नाही. प्रत्यक्ष इतिहासात शिकवण आणि ती सांगणारी माणसे वेगळी काढता येत नाहीत. भित्रा धर्मगुरू, खुशामतखोर मठप्रमुख, सक्तीने मठात कोंबलेली मुलगी यांचे काय? निबंधाला हे उत्तर देता आले नाही. ते द्यावयास कादंबरीच लागली, आणि तिने ते चर्चमधील उणिवा झाकून दिले नाही, हे तिचे मोठेपण.

नाटकांतून दिसणारा इतिहास

कादंबरीपूर्वी मान्झोनींनी दोन शोकात्म नाटके लिहिली. ‘कार्मान्योलाचा काउंट’ (१८२०) पंधराव्या शतकातील एका भाडोत्री सेनापतीवर आहे. मिलानची चाकरी सोडून तो व्हेनिसला मिळाला, १४२७ साली माक्लोदिओची लढाई जिंकली आणि पुढे व्हेनिसनेच फितुरीच्या संशयावरून १४३२ साली त्याचा शिरच्छेद केला. या नाटकातील समूहगीतात जयजयकाराला जागा नाही. एकच भाषा बोलणारी, एकाच भूमीवर जन्मलेली माणसे परस्परांना कापताना पाहून कवी व्याकूळ होतो.

दुसरे नाटक ‘आदेल्की’ (१८२२) आणखी मागे जाते. पश्चिम रोमन साम्राज्य ४७६ साली कोसळले. ५६८ पासून लोंबार्द टोळ्या इटलीत राज्य करू लागल्या. ७७४ साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्यांचे राज्य बुडविले. शाळेतील पुस्तक येथे थांबते. मान्झोनींची नजर मात्र तिसऱ्याच समूहाकडे वळते. प्राचीन रोमच्या भग्न वास्तूंतून राहणारे, लोंबार्दांच्या जाचाखाली दोन शतके राबलेले जित लोक नव्या सैन्याकडे आशेने पाहत आहेत. कवी त्यांना बजावतो की जेते तुमच्यासाठी इतक्या दूरवर आलेले नाहीत. जुने धनी आणि नवे धनी एकत्र नांदतील आणि ओझे तुमच्याच खांद्यावर राहील. नाटकाच्या जोडीला मान्झोनींनी लोंबार्द इतिहासावर एक प्रबंधही लिहिला. त्यात त्यांची तक्रार अशी की, एवढी मोठी लोकसंख्या शतकानुशतके या भूमीवर जगली आणि तिच्याविषयी इतिहासग्रंथांत जवळजवळ काहीच उरले नाही.

नाट्यरचना म्हणून दोन्ही कृती सैल आहेत. त्यांतील पात्रे बोलतात फार आणि वागतात थोडे. पण इतिहासाची किंमत कोण मोजतो, हा मान्झोनींचा प्रश्न या नाटकांतच निश्चित झाला.

दोन रेशीमकामगार

एप्रिल १८२१ मध्ये मान्झोनींनी कादंबरीस आरंभ केला. पहिला खर्डा १८२३ साली पुरा झाला, पहिली आवृत्ती १८२७ साली निघाली आणि भाषेचा कायापालट केलेली अंतिम आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. कथानकाचा काळ १६२८ ते १६३० हा आहे. स्थळ कोमो सरोवराकाठचे एक खेडे, आणि मिलान शहर. मिलानवर तेव्हा स्पेनचे राज्य होते. मान्झोनी लिहीत होते तेव्हा तेथे ऑस्ट्रियाचे राज्य होते. त्यामुळे परक्या सत्तेखालील मिलानचे हे चित्र त्यांच्या वाचकांना आपलेच वाटले असल्यास नवल नाही.

येथे आपल्या वाचकांना एक संबंध ध्यानात आणून द्यावासा वाटतो. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडेच होता. म्हणजे ज्या चौथ्या फिलिपच्या नावाने मिलानमध्ये फर्माने निघत होती, त्याच राजाच्या छत्राखाली त्या वेळी वसई, चौल आणि गोवा होते. रेन्झो आणि लुचीया आपल्या पूर्वजांचे समकालीनच नव्हेत, तर एका अर्थाने त्यांचे सहप्रजाजनही होते.

कथा साधी आहे. रेन्झो हा रेशमाचा कारागीर, लुचीया ही रेशमाच्या गिरणीत काम करणारी मुलगी. लग्न उद्यावर आलेले. गावच्या परिसरातील दॉन रोद्रिगो या उमरावाने लुचीयावर नजर ठेवली आहे. त्याचे दोन गुंड संध्याकाळी फिरावयास निघालेल्या धर्मगुरूंना वाटेत गाठतात आणि हे लग्न लावू नका, असे धमकावतात. धर्मगुरू दॉन आबोंदिओ घाबरून जातात आणि लग्न टळते. मग पळापळ, ताटातूट, मिलानमधील भाकरीसाठी झालेला दंगा, लुचीयाचे अपहरण, दुष्काळ, युद्ध, प्लेग आणि अखेर पुनर्मीलन. अडतीस प्रकरणांचा हा पट आहे.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा नायक बहुधा राजा किंवा सरदार असतो. सामान्य माणूस तेथे मशाल धरावयास येतो. मान्झोनींनी हा क्रम उलटा केला. राजे, गव्हर्नर आणि सेनापती येथे पार्श्वभूमीत आहेत. त्यांच्या निर्णयांचा घाव ज्यांच्यावर पडतो ती माणसे पुढे आहेत. मान्तुआच्या वारसाहक्काचे युद्ध का झाले, हे लेखक थोडक्यात उरकतो. त्या युद्धासाठी उतरलेल्या जर्मन सैन्याने एकेका घरातून काय काय नेले, हे मात्र तो सावकाश सांगतो.

कायद्याचे चित्रणही असेच मार्मिक आहे. गुंडांविरुद्धची सरकारी फर्माने मान्झोनी जुन्या दप्तरांतून जशीच्या तशी उद्धृत करतात. १५८३ पासून १६२७ पर्यंत फर्मानांवर फर्माने निघत राहिली, शिक्षा वाढत गेल्या आणि गुंड होते तेथेच राहिले. रेन्झो चार खच्ची कोंबडे भेट घेऊन वकिलाकडे जातो. धर्मगुरूला लग्न लावण्यापासून रोखणाऱ्यास कडक शिक्षा सांगणारे ऑक्टोबर १६२७ चे फर्मान वकील त्याला उत्साहाने वाचून दाखवितो, कारण रेन्झो हाच गुन्हेगार, अशी त्याची समजूत झालेली असते. रेन्झो फिर्यादी आहे आणि आरोपी दॉन रोद्रिगो आहे, हे कळताच कोंबड्यांसकट त्याची बोळवण होते. अन्यायाचे इतके हसवणारे आणि इतके कडू चित्र क्वचित आढळते.

दॉन आबोंदिओ आणि कार्डिनल

आम्हां धर्मगुरूंना ही कादंबरी वाचताना जागोजागी थबकावे लागते. कॅथलिक लेखकाने लिहिलेल्या या कॅथलिक कादंबरीत साऱ्या अनर्थाचा आरंभ एका धर्मगुरूच्या भित्रेपणातून होतो. दॉन आबोंदिओ दुष्ट नाहीत. कोणाच्या अध्यात ना मध्यात, असे आयुष्य काढता यावे म्हणून त्यांनी हा पेशा पत्करला. दोन पक्षांत बलवान कोण, हे पाहून ते त्याच्या बाजूला जरासे सरकून उभे राहतात. मान्झोनींनी त्यांचा तिरस्कार केलेला नाही. त्यांना पाहून वाचकाला हसू येते, आणि हसता हसता लाजही वाटते.

त्यांच्यासमोर लेखकाने तीन माणसे उभी केली आहेत. एक कपुचिन मठवासी फादर क्रिस्तोफोरो. तारुण्यात रस्त्यावर वाट कोणी सोडावी, या क्षुल्लक भांडणात त्यांनी एका उमरावाचा प्राण घेतला. त्या पश्चात्तापातून ते मठात गेले, मृताच्या भावाची क्षमा मागितली आणि क्षमेची खूण म्हणून मिळालेल्या भाकरीचा तुकडा जन्मभर जपून ठेवला. दुसरी मोन्झाच्या मठातील जेर्त्रूदे. वडिलांनी घराण्याची मालमत्ता राखण्यासाठी तिला सक्तीने संन्यासिनी केले आणि त्या सक्तीतून पुढे पाप आणि रक्तपात निपजला. इतिहासातील एका खऱ्या संन्यासिनीच्या, व्हिर्जिनिया मारिया दे लेय्‌वा हिच्या कहाणीवर हे चित्र बेतलेले आहे. तिसरे मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरिगो बोरोमेओ (१५६४–१६३१). हे संत चार्ल्स बोरोमिओंचे चुलतभाऊ आणि मिलानच्या सुप्रसिद्ध आम्ब्रोसियाना ग्रंथालयाचे संस्थापक.

कार्डिनल आणि दॉन आबोंदिओ यांच्या संवादाला मी कादंबरीचे हृदय समजतो. तुम्ही लग्न का लावले नाही, या प्रश्नाला धर्मगुरूंचे उत्तर एकच : जिवाची भीती. धैर्य हा आपल्या हातचा गुण नव्हे, असा त्यांचा बचाव. कार्डिनल त्यांना झिडकारीत नाहीत. धैर्य नसेल तर ते मागावयाचे होते, आणि निदान आपल्या बिशपला सांगावयाचे होते, असे ते सुनावतात. ज्या लेकरांवर प्रेम आहे त्यांच्यासाठी भय वाटले असते, तर स्वतःसाठीचे भय आपोआप मागे पडले असते, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा.

याच जागी मान्झोनी एक विलक्षण गोष्ट करतात. हातात लेखणीपलीकडे काही धरलेले नसताना दुसऱ्याला शौर्याचे धडे देणे आपल्याला संकोचाचे वाटते, असे निवेदक मध्येच थांबून सुचवितो. प्रवचनपीठावरून बोलणाऱ्याने हा संकोच मनात जपून ठेवावा असा आहे. सिस्मोंदींच्या आरोपाला खरे उत्तर मला येथे दिसते. दॉन आबोंदिओंची सदसद्विवेकबुद्धी धर्माने झोपविलेली नाही. धर्मच कार्डिनलांच्या मुखाने तिला जागे करीत आहे.

प्लेग आणि लांछनस्तंभ

कादंबरीच्या उत्तरार्धात १६३० चा प्लेग येतो. इटलीच्या इतिहासातील या महामारीने मिलानची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या नेली. मान्झोनींनी त्या काळचे वृत्तांत आणि कागदपत्रे बारकाईने वाचून ही प्रकरणे लिहिली. आरंभी कोणी रोगाचे नावच घेऊ देईना. वयोवृद्ध वैद्य लोदोविको सेत्ताला यांनी प्लेगचा इशारा दिला म्हणून रस्त्यात जमावाने त्यांना घेरले. रोग वेशीशी आला असताना १८ नोव्हेंबर १६२९ रोजी गव्हर्नरने राजपुत्राच्या जन्माप्रीत्यर्थ सार्वजनिक उत्सवाचे फर्मान काढले. पुढे संत चार्ल्स यांच्या अवशेषांची मिरवणूक काढावी, असा आग्रह झाला. कार्डिनलांनी प्रथम नकार दिला, नंतर ते नमले. ११ जून १६३० रोजी निघालेल्या त्या मिरवणुकीनंतर मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. आपल्या आवडत्या कार्डिनलांचा हा दुबळेपणाही लेखकाने लपविलेला नाही. त्याचबरोबर फादर फेलिचे कासाती आणि त्यांचे कपुचिन बंधू यांनी रुग्णांच्या विस्तीर्ण छावणीचा भार कसा वाहिला, हेही त्याने तितक्याच सत्यनिष्ठेने सांगितले आहे.

रोग नाकारता येईनासा झाला तेव्हा लोक दोषी शोधू लागले. काही दुष्ट माणसे भिंतींना आणि दारांना विषारी लेप फासून रोग पसरवितात, ही अफवा पसरली. २१ जून १६३० च्या सकाळी कातेरिना रोझा नावाच्या बाईने खिडकीतून एका माणसाला भिंतीला हात पुशीत जाताना पाहिले. तो होता आरोग्यखात्याचा कर्मचारी गुल्येल्मो पियात्सा. त्याची बोटे शाईने माखली होती. त्याला पकडून यातना देण्यात आल्या. प्रथम त्याने दाद दिली नाही. पण खरे सांगितल्यास सोडून देऊ, या आमिषाने त्याचा कणा मोडला आणि त्याने जान जाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव घेतले. मोरा प्लेगपासून रक्षण करणारे मलम तयार करीत असे. तेच मलम पुरावा ठरले. ऑगस्ट १६३० च्या आरंभी दोघांना हाल हाल करून मारण्यात आले. मोराचे घर जमीनदोस्त करून त्या जागी त्याच्या लांछनाचा स्तंभ उभारला गेला. तो १७७८ साली पाडण्यात आला.

मान्झोनींच्या आधी पिएत्रो व्हेर्री यांनी या खटल्यावर लिहिले होते. यातना देण्याची पद्धत आणि त्या युगाचे अज्ञान यांना त्यांनी दोषी धरले. बेक्कारियांच्या नातवाने हे मान्य करून पुढचे पाऊल टाकले. त्याने त्या काळचे कायदे आणि कायदेपंडितांची मते तपासली आणि दाखविले की, त्याच कायद्यांनी आणि त्याच मतांनुसार न्यायाधीशांना या माणसांचे निरपराधत्व कळणे शक्य होते. त्यांना ते कळले नाही, कारण लोकक्षोभाची भीती आणि गुन्हेगार सापडलाच पाहिजे हा हट्ट त्यांनी मनावर स्वार होऊ दिला. ‘काळच तसा होता’ ही सबब मान्झोनी स्वीकारीत नाहीत. काळ सही करीत नाही. सही माणसे करतात. सिसिलीचे विसाव्या शतकातील लेखक लिओनार्दो शाशा या छोट्या ग्रंथाचे निस्सीम चाहते होते, याचे कारण हेच असावे.

ईश्वरी योजना कोणाच्या मुखी?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. दॉन रोद्रिगोला न्यायालय शिक्षा करीत नाही, प्लेग करतो. म्हणजे अन्यायाचे निवारण देवावर सोपवून लेखक मोकळा झाला, असे अनेकांनी म्हटले आहे. पण हा विचार कादंबरीत कोणाच्या तोंडी घातला आहे? दॉन रोद्रिगो मेल्याची खात्री होताच दॉन आबोंदिओ खुलतात आणि प्लेगने कशी छान झाडलोट केली, अशा अर्थाचे बोलू लागतात. लाखो मृत्यूंचा हिशेब आपल्या सोयीने मांडणारी ही ‘ईश्वरी योजना’ त्या भित्र्या धर्मगुरूची आहे, लेखकाची नव्हे. लेखकाची श्रद्धा अन्यत्र दिसते. रुग्णांच्या छावणीत फादर क्रिस्तोफोरो रेन्झोला मरणासन्न दॉन रोद्रिगोसमोर नेऊन उभे करतात आणि सूडाची भाषा सोडावयास लावतात. मग ती जपलेली क्षमेची भाकरी त्या दोघांच्या भावी मुलांसाठी त्यांच्या हाती देतात. येथे योजना देवाची असली तरी पाऊल माणसानेच उचलावयाचे आहे.

दुसरा आक्षेप आंतोनिओ ग्राम्शी यांचा. मान्झोनींची गोरगरिबांविषयीची दृष्टी ही वरून पाहणाऱ्या कनवाळूची आहे, त्यांच्या अंतरंगात तो शिरत नाही, असे त्यांनी तुरुंगातील टिपणांत म्हटले. या आक्षेपात तथ्य आहे. भाकरीच्या दंग्यातील जमाव मान्झोनी भयानेच पाहतात. उपाशी माणसाच्या संतापाला ते पुरता न्याय देत नाहीत. लुचीया फारच थोडे बोलते. तिची लज्जा आणि तिची प्रार्थना यांपलीकडे तिचे मन आपल्याला क्वचित दिसते. पण मान्झोनींना स्वतःच्या वर्गाची ही मर्यादा ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही. शेवटच्या प्रकरणात दॉन रोद्रिगोचा वारस असलेला सज्जन उमराव नवदांपत्याला जेवू घालतो, स्वतः वाढावयास मदत करतो आणि मग दॉन आबोंदिओंना घेऊन वेगळ्या दालनात जेवावयास बसतो. गरिबांच्या खाली उभे राहण्याइतकी नम्रता त्याच्याकडे होती, त्यांच्या बरोबरीने बसण्याइतकी नव्हती, असा शेरा निवेदक शांतपणे मारून जातो. कनवाळूपणाची याहून नेमकी चिकित्सा ग्राम्शींनाही करता आली नसती.

अंतिम आवृत्तीच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. कादंबरी लग्नाने आणि संसाराने संपते. परंतु १८४२ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात तिच्या पाठोपाठ ‘लांछनस्तंभाचा इतिहास’ छापलेला होता. अनेक आवृत्त्यांतून आणि अनुवादांतून हा भाग गळाला, त्यामुळे वाचकाला वाटते की सारे गोड झाले. लेखकाने दिलेल्या ग्रंथात मात्र रेन्झो आणि लुचीया यांच्या नांदत्या घरानंतर मोरा न्हाव्याचे पाडलेले घर येते. एका कुटुंबाला योजनेने तारले. दुसऱ्याला माणसांनी मारले. दोन्ही एकाच वर्षी, एकाच शहरात घडले. हे दोन शेवट एकत्र वाचल्याशिवाय मान्झोनींची श्रद्धा समजत नाही. देवावर भरवसा ठेवणारा हा लेखक एकाही न्यायाधीशाची जबाबदारी देवावर ढकलीत नाही.

भाषा, राष्ट्र आणि चर्च

मान्झोनींच्या कर्तृत्वाचा आणखी एक भाग आधुनिक इटलीशी निगडित आहे. मिलानची बोली आणि फ्रेंच या त्यांच्या रोजच्या भाषा. इटालियन ही पुस्तकी भाषा. १८६१ साली राष्ट्र एक झाले तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक अडीच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असावेत, असे भाषातज्ज्ञांचे निरनिराळे अंदाज आहेत. मान्झोनींनी १८२७ साली फ्लोरेन्सला जाऊन तेथील सुशिक्षितांची बोलती भाषा आत्मसात केली आणि अख्खी कादंबरी त्या भाषेत नव्याने घडविली. १८६८ साली शिक्षणमंत्र्यांना सादर केलेल्या अहवालात त्यांनी तीच भाषा साऱ्या देशात रुजवावी, असे सुचविले. भाषातज्ज्ञ आस्कोली यांनी १८७३ साली या मताला विरोध केला. भाषा अशी वरून लादता येत नाही, ती देशाच्या ज्ञानव्यवहारातून घडते, असे त्यांचे म्हणणे. प्रमाणभाषा आणि बोली यांचा हा वाद आपल्यालाही अपरिचित नाही. वादात आस्कोलींची बाजू मला अधिक ग्राह्य वाटते. तरीही गावच्या माणसाच्या तोंडी शोभेल अशी गद्यभाषा इटलीला दिली ती मान्झोनींनीच, हे नाकारता येणार नाही.

राष्ट्राच्या प्रश्नावर त्यांची भूमिका धैर्याची होती. एकीकरणाच्या आड पोपमहाशयांचे ऐहिक राज्य येत होते आणि अनेक श्रद्धावंतांना चर्चवरील निष्ठा व राष्ट्रप्रेम यांतील एक निवडावे लागेल असे वाटत होते. मान्झोनी १८६० साली सेनेटर झाले, १८६१ साली त्यांनी इटलीच्या राज्याच्या घोषणेला मत दिले आणि १८६४ साली राजधानी फ्लोरेन्सला हलविण्याच्या, म्हणजे पर्यायाने रोमच्या दिशेने नेण्याच्या, ठरावालाही मत दिले. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले. १८७२ साली मान्झोनींनी त्या शहराचे सन्माननीय नागरिकत्व स्वीकारले. याच काळात ते नेमाने मिस्साला जाणारे श्रद्धावंत होते. ऐहिक सत्ता गेल्याने चर्चचे आध्यात्मिक बळ घटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. इटली आणि चर्च यांचा समेट लॅटरन कराराने १९२९ साली झाला. त्यांचे जिवलग मित्र, तत्त्वज्ञ धर्मगुरू आंतोनिओ रोझमिनी यांचा चर्चच्या जखमांविषयीचा ग्रंथ १८४९ साली निषिद्ध ठरला होता. त्याच रोझमिनींना २००७ साली चर्चने धन्यवादित घोषित केले.

२२ मे १८७३ रोजी मान्झोनी निवर्तले. पहिल्या स्मृतिदिनी, २२ मे १८७४ रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये व्हेर्दी यांनी त्यांच्या स्मरणार्थ रचलेली ‘रेक्विएम’ ही मृतांसाठीची मिस्सा प्रथम गायिली गेली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ही कादंबरी तीनदा वाचल्याचे २०१३ सालच्या एका मुलाखतीत सांगितले होते. मे २०१५ मधील एका सार्वजनिक भेटीत वाङ्‌निश्चयावर बोलताना त्यांनी ती वाचावयाचा आग्रह तरुणांना केला होता.

आपल्या कुटुंबांनीही ती वाचावी. इंग्रजीत ब्रूस पेनमन यांचा १९७२ चा आणि मायकेल मूर यांचा २०२२ चा असे दोन चांगले अनुवाद आहेत. पहिली काही प्रकरणे संथ वाटतील. सरकारी फर्मानांचे उतारे कंटाळा आणतील. तेथे पुस्तक मिटू नये. रेन्झो वकिलाकडे कोंबडे घेऊन निघाला की कथा वाचकाला हाती धरून नेते. आणि कादंबरी संपल्यावर ‘लांछनस्तंभाचा इतिहास’ मिळवून अवश्य वाचावा. लग्नघर सोडून मोराच्या उद्ध्वस्त घरापाशी उभे राहणे सुखाचे नाही. पण इटलीच्या चौदाशे वर्षांच्या इतिहासात ज्यांची नोंद झाली नाही अशा माणसांची नावे एका श्रद्धावंत लेखकाने जेथे धीराने लिहून ठेवली, ती जागा तीच आहे.